आप्पांच्या काचा

"हलू नका. हललं की गेलं."

आप्पा असं म्हणायचे अन् दोन बोटं वर धरायचे. त्या बोटांचे शेंडे कायमचे काळे. फोटूच्या औषधानं काळे पडलेले, राखेनं घासा का चिंचेनं, निघत नव्हते. समोर तहसीलदार बसलेला असो का नवी नवरी, आप्पांचं एकच. दोन काळी बोटं वर. मग कॅमेऱ्याच्या डोळ्यावरचं टोपण काढायचे, तोंडातल्या तोंडात मोजायचे, टोपण परत लावायचे. तेवढा वखत समोरच्यानं श्वासबी जपून घ्यायचा.

त्यांचं नाव मी सांगत न्हाई. परभणीत सगळे आप्पाच म्हणायचे. उंच, वाळके, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी. काळ्या कापडात डोकं घातलं का ती डबी कॅमेऱ्याच्या लाकडावर टक टक वाजायची. मला अजून कुठं चांदी लाकडावर वाजली का मान वळती.

मी पेडगावची. मालक गेले तवा माझी गोदी पोटात होती. सासरच्यांनी दीड साल ठेवून घेतलं अन् मग वाट दाखवली. पोरगी कडंवर घेऊन परभणीला आले. आप्पांच्या बायकोला, आक्काला, पाणी भरायला बाई पाहिजे होती. फोटूच्या धंद्याला पाणी लय लागतं, हे तुमाला ठाऊक नसंल. मी सकाळपासून आडावरच. हाताला घट्टे पडले. त्याचं काही न्हाई, पोटाला मिळत होतं.

पहिल्या दिवशी आप्पांनी मला एक काच उजेडात धरून दाखवली. मी ओरडलेच. काळ्याशार तोंडाची माणसं, केस पांढरे, डोळ्यातली बुबुळं पांढरी. आप्पा म्हणले, "घाबरू नका, पेडगावच्या बाई. काचेवर सगळं उलटं ऱ्हातं. कागदावर उतरलं का सरळ होतं."

"मग हे कोण हायत?"

"आपले तहसीलदार," आप्पा म्हणले. "कागदावरबी लय गोरे न्हाईत ते."

हसले मी. पण त्या दिवसापासून काचेकडं नीट कधी बघितलं न्हाई.

आप्पांचा खरा धंदा मयताचा. ते लिंगायत. त्यांच्यात मयताला बसवतेत, न्हाऊ घालून, भस्म लावून, हार घालून, भिंतीला टेकवून. माती देतानाबी बसवूनच. मग घरच्यांना वाटायचं, एक फोटू ऱ्हावा. चारठाण्यापासनं, वालूरपासनं बैलगाडी यायची आप्पांना न्यायला. गाडीत कॅमेरा, आप्पा, अन् पाण्याची घागर घेऊन मी. पदरात गोदी.

वालूरला एक दुकानदार गेलता. ओट्यावर बसवलेला, डोळे अर्धे उघडे. आप्पांनी कापडात डोकं घातलं, दोन बोटं वर केली अन् सवयीनं म्हणले, "हलू नका. हललं की गेलं." मग त्याची म्हातारी बायको कोपऱ्यातून म्हणली, "आता कशाला हलतेत आप्पा? जित्तेपणी गल्ल्यावरनं हलले न्हाईत." आधी एक सून हसली, मग सगळ्याच हसल्या, अन् मग रडायला लागल्या. आप्पांनी टोपण लावलं न्हाई. उघड्या टोपणात ते हसणं गेलं का न्हाई कुणास ठाऊक. फोटूत दुकानदार तेवढा आला, लख्ख. दाढीचा खुंट न् खुंट मोजून घ्या. बाजूला बसलेल्या बायका नुसता धूर.

तेच आप्पांना खायचं. "मेलेलाच तेवढा नीट येतो माझ्या हातून," म्हणायचे.

म्हणून जुम्म्याला ते टेसणामागच्या मैदानावर जायचे. निजामाच्या राज्यात सुट्टी जुम्म्याची, म्हंजे शुक्रवारची. रेल्वेचे लोक, कचेरीतले कारकून, दोन-तीन वकील किरकेट खेळायचे. आमी चेंडूफळी म्हणायचो. तिथं कुणी फोटू मागायचं न्हाई. आप्पा आपल्या मनानं कॅमेरा मांडायचे, पार जवळ, फळीवाल्याच्या बाजूला. त्यांना एकच पाहिजे होतं. चेंडू फळीला लागतो तो वखत. लागायच्या आधीचा न्हाई, नंतरचा न्हाई.

"आप्पा, सरका मागं! डोकं फुटंल!" मैदानातून ओरडायचे.

"येऊ द्या चेंडू इकडं," आप्पा कापडातून म्हणायचे. "असा तरी सापडंल."

सापडायचा न्हाई. घरी येऊन काच औषधात धुतली का तीन दांड्या नीट, फळीवाल्याचे बूट नीट, अन् कमरेच्या वर धुकं. रेल्वेचा एक गार्ड होता, मोठ्या मिशांचा, सगळ्यात जोरात मारायचा तोच. त्याला फोटू दाखवला तर म्हणला, "ह्यात मी कुठं हाय, आप्पा? इंजिनच दिसायलंय."

मग आप्पांनी घड्याळाची स्प्रिंग घालून लाकडाचा खटका केला. दोरी ओढली का पट्टी सटकन खाली पडायची. आक्का म्हणायची, "संसाराचं घड्याळ बंद पाडलं आन् चेंडू धरायला निघाले." गोदी कॅमेऱ्याच्या तीन पायांमधे बसायची. चार सालाची झालती. आप्पांसारखी दोन बोटं वर करून मैदानावरच्या गड्यांना दम द्यायची, "हलू नका!" गडी तिच्यासाठी थांबायचेबी. एकदा आप्पांनी तिचाच फोटू काढला. झग्याचा घेर आला, तोंड न्हाई. मान फिरवली होती तिनं. नजर सारखी चेंडूमागं.

जर्मनची लढाई लागली अन् नव्या काचा यायच्या बंद झाल्या. आप्पा जुन्या काचा धुवून परत वापरू लागले. औषध घरीच शिजवायचे. सरस, चांदीचं काहीबाही. लाल कंदील लावून काचेवर ओतायचे, दोश्याच्या पिठावाणी पसरायचे. आक्का पायातली जोडवी लपवून ठेवायची. "चांदी म्हणून हीबी काचेवर ओततेल," म्हणायची.

जुनी काच धुवायचं काम माझं. गरम पाणी, त्यात सोडा. काच बुडवली का थोड्या वेळानं वरचा पापुद्रा सुटायचा, दुधावरच्या सायीवाणी. आख्खं तोंड एकदम सुटायचं. घंगाळात वर यायचं, तरंगायचं, कडंला लागायचं, दुमडायचं. कुणाचा बाप, कुणाची सासू. मी वर आढ्याकडं बघून बोटानं चाचपत काम करायची. आप्पांनी सांगितलं होतं, हे पाणी गटारीत न्हाई टाकायचं, मागच्या बेलाच्या बुडी ओतायचं. मी ओतायची. त्या साली बेलाला लय फळं आली. कुणी खाल्ली न्हाईत.

काच धुतली का आप्पा तिच्यावर तोंडानं वाफ सोडायचे. स्वच्छ असली का वाफ सारखी बसायची. नसली का त्या वाफेत माणूस दिसायचा, पापणी लवंस्तोवर, अन् जायचा. "हे अजून गेले न्हाईत," आप्पा म्हणायचे. "पुन्हा धुवा."

आता कोणती काच धुवायची, कोणती ठेवायची, हे मला कसं कळणार? मला अक्षर येत न्हाई. काच कागदात गुंडाळलेली, वर नाव लिहिलेलं. तर आप्पांनी खूण करून दिली. धुवायच्या काचेच्या कागदावर ते भस्माची तीन बोटं ओढायचे. त्यांच्या मनाला तेवढं बरं वाटायचं, बिगर भस्माचं कसं धाडायचं माणसाला. मला एवढंच ठाऊक. भस्म दिसलं का पाण्यात.

गोदी उन्हाळ्यात गेली. पटकीची साथ होती. सकाळी वांती झाली, दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. मी काही जास्ती सांगत न्हाई. तिच्या अंगात पाणी थांबत नव्हतं अन् मी दिवसभर पाणीच ओढणारी बाई.

आमच्यात मयताचा फोटू काढीत न्हाईत. पेडगावहून भाऊ आलता, तो म्हणला, "हे कसलं थेर?" आप्पांनी अंगणात कॅमेरा मांडला अन् त्यांच्यात करतेत तसं माझ्या लेकराला बसवलं. लेकरू बसंना. मान पडायची. मग आप्पांनी मला तिच्या मागं बसवलं, माझ्यावर कॅमेऱ्याचं काळं कापड टाकलं. मी आतून तिची मान धरली, ताठ, अगदी समोर. कापडात अंधार, अन् हातात तिचे गार केस. बाहेर आप्पा मोजायलेत ते ऐकायला येत होतं. त्या दिवशी ते "हलू नको" म्हणले न्हाईत. मोजता मोजता चुकले, परत एकपासून मोजू लागले.

मग त्यांनी गोदीच्या कपाळाला भस्म लावलं. भाऊ तोंड फिरवून उभा ऱ्हायला.

फोटू छापायला कागद नव्हता. कागदबी लढाईनं अडवला होता. आप्पा म्हणले, "कागद आला का पहिली गोदी." मी काच बघितली न्हाई. काळ्या तोंडाची, पांढऱ्या डोळ्यांची गोदी मला नको होती. म्हणलं, सरळ होऊन येईल तवाच बघीन. दिवस काढले. तिचं तोंड आठवायला बसले का आठवायचं न्हाई, हे कुणाला सांगावं? नाक आठवायचं, हनुवटी आठवायची, सगळं मिळून तोंड व्हायचं न्हाई. तो कागद येईल, एवढ्यावर मी होते.

कागद आला दिवाळीच्या मागंपुढं, तोबी एकच. आप्पा खूश होऊन आतून आले. "पेडगावच्या बाई, गोदीची काच द्या."

"मी कुठं बघितली?"

त्यांनी कपाट उपसलं, पेटी उपसली. मी सकाळी कपाटाच्या तळातल्या पाच काचा धुतल्या होत्या, त्यांचे कागद चुलीपाशी पडले होते. आप्पांनी ते एकेक करून वाचले. चौथा कागद हातात घेतला अन् खालीच बसले.

त्यावर भस्माची तीन बोटं होती.

मयताच्या दिवशी आप्पांनी लेकराच्या कपाळाला भस्म लावलं, अन् त्याच हातानं तिच्या काचेच्या कागदालाबी लावलं. मायेनं. अन् मी भस्म बघितलं अन् पाण्यात टाकलं. वर बघत, बोटानं चाचपत. माझ्याच बोटानं. बेलाच्या बुडी अजून माती ओली होती.

"बोटं माझी होती," आप्पा म्हणले.

"धुतलं म्या," मी म्हणले.

आक्का दारात उभी होती. ती म्हणली, "आता दोघंबी गप बसा." पण ती स्वतःच रडू लागली. मी न्हाई रडले. मला रडायला कायतरी धरायला लागतं, अन् काही नव्हतं.

पाच काचा उन्हात टेकवलेल्या. सारख्या, आरपार. आप्पा उठले. पहिली काच उचलली, वाफ सोडली. काही न्हाई. दुसरी. काही न्हाई. तिसऱ्या काचेवर वाफ सोडली अन् गोदी आली.

मी बघितली. काळी न्हाई, पांढरी न्हाई, वाफेच्या रंगाची. कपाळ, गाल, काळ्या कापडाखालून निघालेला माझ्या पदराचा काठ. डोळे मिटलेले. कडंकडनं आत आत वाळत गेली, शेवटी नाक ऱ्हायलं, अन् मग माझाच हात पलीकडनं दिसला.

"अजून एकदा," मी म्हणले.

आप्पांनी वाफ सोडली. आली. पण कमी आली. तिसऱ्यांदा मी त्यांचा हात धरला. म्हणलं, संपंल.

आप्पांनी काच मांडीवर घेतली. मग म्हणले, "वाफेत येती ती औषधातबी येईल. असं झालेलं मी बघितलंय. ह्या काचेवर नवं औषध ओततो. दुसऱ्या कशाचा तरी फोटू काढू. त्याच्यासंगं तीबी वर येईल. आली तर कायमची. न्हाई आली तर वाफेतलीबी जाईल. तुमी सांगा."

मी म्हणले, "मैदानावर काढा. तिथं ती येईल."

हे मी का म्हणले, मला आजबी सांगता येत न्हाई.

जुम्म्याचा दिवस, ऊन कडक. फळी गार्डसाहेबांकडं. आप्पांनी नेहमीच्या जागी कॅमेरा मांडला. तीन पायांमधली जागा रिकामी होती, तिथं गवत दबलेलं होतं. बाकी कुणाला दिसलं का न्हाई, मी विचारलं न्हाई. मैदानावर कुणी ओरडलं न्हाई त्या दिवशी, आप्पा सरका म्हणून. चेंडू टाकणारा पळत आला. माझं सगळं ध्यान आप्पांच्या दोरीवर. फळीचा आवाज अन् खटक्याचा आवाज एकच आला. दोन वेगळे आले न्हाईत.

आप्पांनी डोकं बाहेर काढलं. कपाळाचं भस्म घामानं ओघळून डोळ्यात गेलतं. "चला," म्हणले.

लाल कंदिलापाशी मी पहिल्यांदाच आत गेले. आप्पांनी काच औषधात धुतली, वाळवली, कागद लावला. अन् कागद औषधाच्या पाण्यात टाकला. आधी काही न्हाई. मग दांड्या आल्या. मग बूट. मग सगळा गार्ड आला, मिशांसकट, दात आवळलेले, अन् फळीच्या अंगाला चिकटून चेंडू. गोल. ज्याच्यासाठी आप्पांनी एवढे जुम्मे घालवले तो. त्यांनी त्याच्याकडं बघितलं न्हाई. ते गार्डच्या बुटापाशी बघायलते.

तिथं गोदी बसली होती. पातळ, तिच्यातून गवत दिसायलंय, पण गोदीच. सरळ. गोरी. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं एका जागी. मला तोंड सापडलं.

आप्पांनी कंदील जवळ आणला. "बाई," म्हणले, "तुमी मान कशी धरली होती?"

"ताठ. समोर."

"घट्ट?"

"घट्ट."

मला दिसत होतंच. फोटूतल्या गोदीची मान समोर नव्हती. बाजूला फिरलेली होती, वर, चेंडूकडं. अन् डोळे उघडे होते.

मला भ्याव वाटलं का, तर न्हाई वाटलं. आप्पांना वाटलं. त्यांनी कंदील मागं घेतला.

दोन दिवसांनी गार्डसाहेब आले. चेंडू सापडल्याची खबर मैदानभर झालती. आप्पांनी फोटू पुढं ठेवला. गार्ड आधी हसला, मिशीला ताव दिला, अन् मग खाली बघितलं.

"ही कोण?"

"बघा की," आप्पा म्हणले.

"तिथं कुणी नव्हतं. माझ्या पायापाशी कुणी नव्हतं, आप्पा."

"नव्हतं."

"ही ती तुमची... कॅमेऱ्याखाली बसायची ती?" त्यानं माझ्याकडं बघितलं, टोपी काढली, परत घातली. "मला नको हा फोटू. ह्यांनाच द्या," म्हणला, अन् छत्री तशीच विसरून गेला. एवढा मोठा माणूस, धावत येणाऱ्या चेंडूला न भिणारा. पुढच्या जुम्म्याला खेळायला आला न्हाई. नंतर आला तर दांड्यांपाशी उभं ऱ्हायच्या आधी खाली वाकून बघायचा.

आप्पांनी फोटू माझ्या हातात ठेवला. मी म्हणले, "आप्पा, ह्यात तुमचा चेंडू हाय. तुमाला न्हाई का ठेवायचा?"

"कागद एकच होता," म्हणले.

काचबी नंतर फुटली, सामान हलवताना. चेंडू धरलेला तो एकच फोटू, अन् तो माझ्या ट्रंकेत. पिवळा पडलाय. कुणी आलं का मी दाखवते. काहींना पोरगी दिसती, काहींना न्हाई दिसत, ते नुसते गार्डच्या मिशांना हसतेत. मी त्यांना काही म्हणत न्हाई.

त्याच्यानंतर आप्पा मैदानावर गेले न्हाईत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "डोळे कमी झाले." डोळे काही झाले नव्हते.

निजामाचं राज्य जायच्या साली आप्पा गेले. रझाकारांचे दिवस, नाकाबंदी, बाहेरचा माल यायचा बंद, रस्ते बंद. छाती भरली, आठ दिवसांत संपलं. घरच्यांनी न्हाऊ घातलं, भस्म लावलं, भिंतीला टेकवून बसवलं. जेवढे पाहुणे येऊ शकले तेवढे आले. अन् सगळे कॅमेऱ्याकडं बघायला लागले. तो कोपऱ्यात, तीन पायांवर.

परभणीत दुसरा फोटूवाला कुणी ऱ्हायला नव्हता. आक्कानं मला आत बोलावलं. म्हणली, "एवढ्या लोकांचे ह्यांनी काढले. ह्यांचा न्हाई निघाला, म्हणतेल लोक. तू उभी ऱ्हा."

"आक्का, औषध न्हाई. काच न्हाई. आत काहीच न्हाई."

"मला ठाऊक हाय," आक्का म्हणली. "तू उभी ऱ्हा."

मी कापडात डोकं घातलं. टोपण काढलं. मागच्या, नुसत्या बघायच्या पांढुरक्या काचेवर आप्पा आले, उलटे, पाय वर, डोकं खाली, हारातलं एकेक फूल वेगळं दिसायलंय. बाहेर कुणीतरी दबक्या आवाजात लेकरांना गप करत होतं. किती मोजायचं ते मला ठाऊक नव्हतं. माझ्यापाशी ठेवायला काच नव्हती, तर मी नुसती बघत ऱ्हायले. कान, भुवई, वाळका गळा, ती डबी, ती काळी बोटं. एकेक करून. माझ्या हातून काही सुटू नये म्हणून.

कुणीतरी पुतण्या म्हणला, "झालं का, बाई? माती द्यायची हाय."

"थांबा," मी कापडातून म्हणले. "अजून थोडं थांबा."